घरच्या घरी दुरुस्ती

आमच्या घरात प्रत्येकाच्या हातात कला आहे, आणि तीच आमच्या मुळावर आली. माझे धाकटे दीर सुतार आहेत. दार कितीही तुटू दे, दोन तासांत ते असं बसवून देतात की शेजाऱ्याला पत्ता लागू नये. नणंद एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत सिस्टर आहेत. त्यांचे टाके इतके बारीक आणि एकसारखे, की तिथले डॉक्टर नव्या मुलींना त्यांचा हात बघायला शेजारी उभं करतात. माझी लॉन्ड्री आहे. रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला तर कायमचा बसतो आणि थंड पाण्यात मीठ टाकून भिजवला तर निघतो, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि आमचे हे, गणिताचे निवृत्त मास्तर. ह्यांची कला म्हणजे कोणी काही विचारलं की चेहऱ्यावरची रेष न हलवता ‘काही नाही, पडलो’ म्हणायचं.

एवढे कारागीर दिमतीला असल्यावर आमच्या चिरंजीवांनी हात कशाला आखडता घ्यावा? त्याने घेतला नाही.

वय बत्तीस आणि घरात अजून ‘बाळ’. उंच, केस नीट विंचरलेले, बाहेर बोलायला लाघवी. दारू नाही, जुगार नाही, विडीकाडी नाही, आणि हीच आमची पंचाईत होती. एखादं व्यसन असतं तर सगळं त्याच्या माथी मारून मोकळे झालो असतो. बाळचं एवढंच होतं, की मनाविरुद्ध काही झालं की त्याचे कान लाल व्हायचे आणि मग समोर जे असेल ते तो मोडायचा. चहा गार निघाला म्हणून मोडायचा. मोबाइल चार्ज झाला नाही म्हणून मोडायचा. समोर वस्तू असली तर वस्तू, माणूस असलं तर माणूस. तीन नोकऱ्या अशाच गेल्या. बायको दीड वर्ष टिकली. एका सकाळी त्याने तिचा हात चौकटीवर दाबून धरला आणि दार ओढून घेतलं. वन्संनी तिची दोन बोटं बांधून दिली, भाऊजींनी दाराची तुटलेली कड तासून दिली, मी तिचे कपडे धुऊन दिले, आणि ती पोरगी त्याच धुतलेल्या कपड्यांनिशी निघून गेली. जाताना मला म्हणाली, “तुम्ही सगळे मिळून त्याला हे करायला मोकळं ठेवता.” तेव्हा मला तिचा राग आला होता. आज वाटतं, आमच्या घरात आलेलं तेवढं एकच शहाणं माणूस होतं.

ह्याची सुरुवात फार जुनी आहे. मी दिवसभर दुकानात, हे शाळेत. बाळ वाढला तो काका-आत्याच्या हाताखाली. भाऊजींनी लग्न केलं नाही, वन्संना मूल झालं नाही, त्यामुळे दोघांचा सगळा जीव त्याच्यात. त्याने काही फोडलं की हे शाळेतून परत यायच्या आत भाऊजी ते जोडून ठेवायचे. दोघांचा तो खेळच होता. बाळ घड्याळाकडे बघत टाळ्या पिटायचा आणि भाऊजी धावपळ करत डिंक लावायचे. ह्यांच्या काही लक्षात आलं नाही की दोघं पोट धरधरून हसायचे. पुढे मोडायच्या गोष्टी मोठ्या झाल्या, पण भाऊजींचा खेळ काही संपला नाही.

मी अडवलं नाही असं नाही. दोनदा म्हटलं, ह्याला मानसिक आजारांच्या डॉक्टरांना दाखवू. वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचं म्हणणं, जन्म दवाखान्यात गेला त्यांचा, त्यांना कळत नाही का, मुलगा तापट आहे, वेडा नाही. एकदा त्याने पातेलं फेकून माझी हनुवटी फोडली तेव्हा मी पोलिसांत जायला निघाले. चपला पायात होत्या. हे दारात आडवे आले आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने कधी कुणापुढे हात जोडले नव्हते. मी चपला काढल्या, वन्संना बोलावलं, हनुवटी शिवून घेतली आणि उशीचा अभ्रा थंड पाण्यात टाकला. तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. इथे जे सांगते आहे त्यात माझाही वाटा आहे.

त्या मंगळवारी दुकानात एका हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे यायचे होते म्हणून मी सातलाच बाहेर पडले. बाराला जेवायला घरी आले, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकले. घर स्वच्छ होतं.

आमच्या घरात स्वच्छता दिसली की मी आधी माणसं मोजते. फरशी ओली होती आणि फिनेलचा वास येत होता. आतल्या खोलीच्या दाराला नव्या बिजागऱ्या होत्या आणि चौकटीतल्या चिरेत भेगा बुजवायची लांबी भरली होती, ती अजून वाळली नव्हती. भाऊजी उकिडवे बसून लाकडाचा भुसा सुपलीत भरत होते. वन्सं बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धूत होत्या. त्यांची स्टीलची पेटी टेबलावर होती.

“हे कुठे आहेत?” मी विचारलं.

“झोपलेत. जरा लागलंय,” वन्सं म्हणाल्या. “अकरा टाके घातलेत. तुम्ही काळजी करू नका.”

काय झालं ते मी दोघांकडून ओढून ओढून काढलं. वन्संच्या ओळखीने बाळला एका औषधांच्या गोदामात काम मिळालं होतं. ह्यांनी त्याला सकाळी एवढंच म्हटलं, की आज पहिला दिवस आहे, वेळेवर निघ. कान लाल झाले. हे ओळखून आतल्या खोलीत गेले आणि कडी लावून बसले. बाळने लाथा घालून दार पाडलं. मग बापाची गचांडी धरून त्यांचं डोकं पलंगाच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटलं. भाऊजी म्हणाले, तीनदा, बाळनेच सांगितलं. वन्संनी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं, तेव्हा म्हणाले, मला नक्की सांगता येणार नाही. त्यानंतर बाळनेच आत्याला फोन लावला, की ये, बाबांना लागलंय. हेही नेहमीचंच. आत्या आली, काका आला. त्याला आंघोळ करायला लावून, काकाचा धुतलेला शर्ट घालून, आत्याच्या घरी जेवायला पाठवण्यात आलं होतं.

मी आत गेले. हे उताणे पडले होते. डोक्याला पांढरंशुभ्र ड्रेसिंग, चादर बदललेली, उशी बदललेली. घोरत होते. ह्यांचं घोरणं मी पस्तीस वर्षं ऐकलंय आणि त्यावरून चेष्टाही खूप केली आहे. हे ते घोरणं नव्हतं. घशात पाणी अडकल्यासारखा आवाज यायचा, मध्येच बंद व्हायचा, मग पुन्हा सुरू. मी हाका मारल्या, खांदा हलवला, कानाच्या पाळीला नखं रोवून चिमटा काढला. काही नाही. पापण्या उचलून बघितल्या. एका डोळ्यातली बाहुली बारीक होती आणि दुसऱ्यातली शर्टाच्या बटनाएवढी.

“वन्सं, ह्यांना काय दिलंत तुम्ही?”

“झोपेचं इंजेक्शन. कण्हत होता हो दादा. वरच्या मजल्यावर ऐकू जात होतं.”

मला दवाखान्यातलं काही कळत नाही, पण डोक्याला मार बसलेल्या माणसाला झोपवून ठेवत नाहीत एवढं मलाही ठाऊक होतं. वन्संना तर पंचवीस वर्षं ठाऊक होतं. आपल्या हाताखालच्या पोरींना त्या हेच शिकवत असतील. पण त्या दुपारी त्यांना भावाचं डोकं दिसत नव्हतं, त्यांना फक्त बाळ दिसत होता.

मी म्हटलं, ह्यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात न्यायचं. वन्सं म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत वाट बघू, सूज उतरेल. मी फोन उचलला तर भाऊजींनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खिशात टाकला. मग जाऊन बाहेरच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

“इस्पितळात विचारतात, वहिनी. पोलिसांना कळवतात. बाळला आत टाकतील. तो तिथे चार दिवस काढणार नाही.”

“आणि हे चार तास काढतील?”

“दादा धडधाकट आहे. डोकं शांत ठेवा.”

माझं डोकं शांत राहिलं नाही. फरशीवर भाऊजींचा हातोडा पडला होता. तो उचलला आणि त्यांच्या खांद्यावर हाणला. ते विव्हळले, पण दारातून हलले नाहीत. दुसऱ्यांदा हात उगारला तेवढ्यात वन्संनी मागून माझे केस धरले आणि मला खाली खेचलं. साठीकडे झुकलेल्या आम्ही दोघी बायका त्या ओल्या फरशीवर एकमेकींना ओरबाडत लोळत होतो. त्यांनी माझ्या छातीवर गुडघा रोवला. मी त्यांच्या तोंडावर कोपर मारलं आणि त्यांचा ओठ फुटला. माझ्या नखांत त्यांच्या गालाची कातडी आली. आतून ते घोरणं ऐकू येत होतं. ते थांबलं की आम्ही दोघीही थांबायचो. सुरू झालं की पुन्हा झोंबाझोंबी.

दारातून सुटका नाही हे कळल्यावर मी खिडकीकडे सरपटले. आमचं घर तळमजल्यावर, खिडकी सरळ रस्त्यावर. हातोड्याने पहिली काच फोडली, मग दुसरी, मग तिसरी. गजांतून हात बाहेर घातला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, की ह्यांना मारलंय, आमच्या मुलाने मारलंय, कोणीतरी या. आमच्या गल्लीने तीस वर्षांत माझा चढलेला आवाज ऐकला नव्हता. समोरचा टॅक्सीवाला गाडी पुसत होता, तो हातातल्या फडक्यासकट धावत आला. त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं आले. दारावर थापा पडल्या. चार लोकांसमोर मला अडवायची भाऊजींची छाती झाली नाही. ते मुकाट्याने बाजूला झाले.

माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत काचेने उघडला होता. वन्संचा स्वतःचा ओठ लोंबत होता, तरी त्यांनी सवयीने पेटी उघडली आणि सुईत दोरा ओवला. “थांबा, हाताला चार टाके घालते,” त्या म्हणाल्या. मी ती पेटी उचलून भिंतीवर फेकली.

इस्पितळात ह्यांचं डोकं उघडून साचलेलं रक्त काढलं. पाच तास लागले. जीव वाचला. बाहेर आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन तास आधी आणलं असतं तर निम्मं शरीर गेलं नसतं. मग त्यांनी विचारलं, हे टाके कोणत्या दवाखान्यात घातले, आणि लागलं कसं. भाऊजी पुढे सरसावले. बाथरूममध्ये पाय घसरला, बहीण सिस्टर आहे, तिने घरीच प्रथमोपचार केले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

आता माझी लाज ऐका. दुपारी सगळ्या गल्लीला ओरडून सांगणारी मी, तिथे गप्प बसले. वन्संनी माझा बांधलेला हात हातात घेतला होता आणि कानाशी पुटपुटत होत्या, की एक वाचला, आता दुसऱ्याला मारू नका. पाच तास बाकावर बसून माझ्यातली सगळी रग गेली होती. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी मान हलवली. कागदावर ‘घसरून पडले’ असं लिहिलं गेलं. टॅक्सीवाल्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही आपण होऊन कुणाला सांगितलं नाही.

महिन्याने हे घरी आले. उजवा हात, उजवा पाय गेला होता. वाचा गेली होती. डाव्या हाताने कसाबसा चमचा धरायचे. दुनियेला बीजगणित शिकवलेला माणूस, पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट दाखवायचे आणि कधी तेही चुकून दिव्याकडे दाखवायचे. मी दुकान अर्धा दिवस करून टाकलं. फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावला होता, तो मी बदलू दिला नाही. भाऊजी तीनदा विचारून गेले. मी तिन्ही वेळा नको म्हटलं. बाळ त्या मंगळवारपासून आत्याकडेच होता. मी दोघांनाही स्पष्ट सांगून टाकलं होतं, की तो ह्या घरात पाऊल टाकणार नाही. ह्यांच्यात अजून जेवढा जीव आहे तेवढा मला टिकवायचा आहे. पुढच्या वेळी डोकं शिवायलाही उरणार नाही.

वन्सं फोनवर सांगायच्या, तो फार बदललाय, बाबांची आठवण काढून रडतो. मी ऐकून घ्यायचे. रडत असेलही. तो लहानपणीही फोडून झालं की रडायचा.

मग एका दुपारी चारच्या सुमाराला दार वाजलं. भाऊजींचा आवाज आला, की काच आणलीये वहिनी, पावसापाण्याचं पुठ्ठ्यावर किती दिवस काढणार. मी कंटाळले होते. खोलीत उजेड नव्हता, ह्यांना दिवस आणि रात्र कळेनाशी झाली होती. मी कडी काढली. भाऊजींच्या हातात कागदात गुंडाळलेली काच होती, खांद्याला हत्यारांची पिशवी होती, आणि मागे बाळ होता.

“पाच मिनिटं भेटून जाऊ दे त्याला,” भाऊजी म्हणाले. “त्याचंही घर आहे.”

मी दार लोटायच्या आत तो माझ्या शेजारून आत गेला होता. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ ह्यांच्या पलंगाशी जाऊन बसला, ह्यांचा लुळा हात दोन्ही हातांत घेतला आणि हमसून हमसून रडायला लागला. बाबा, माझ्याशी बोला. बाबा, एकदा बोला. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, बघा म्हटलं होतं ना, अशा थाटात. त्यांचे डोळे भरून आले होते.

हे बोलणार कसे? ह्यांच्या तोंडातून एक लांबलचक आवाज निघाला आणि लाळ गळाली. बाळने ती शर्टाच्या बाहीने पुसली. पुन्हा म्हणाला, बोला. पुन्हा तोच आवाज. मग ह्यांना पलंगातच लघवी झाली आणि ती बाळच्या पँटीपर्यंत आली. मी त्याच्या कानांकडे बघितलं.

“मुद्दाम करतायत,” तो म्हणाला. रडणं कुठल्या कुठे गेलं होतं. “मला लाजवायला करतायत हे.”

“बाळ, ऊठ तिथून,” मी म्हटलं.

त्याने ह्यांच्या बनियनला धरून ह्यांना उठवून बसवलं आणि गदागदा हलवलं. शिवलेली कवटी आहे, मध्ये हाड नाही अजून, असं मी ओरडत होते. मी त्याच्या पाठीवर झेपावले. त्याने कोपर मागे मारलं, ते माझ्या बरगड्यांत बसलं आणि माझा श्वासच गेला. मी खाली कोसळल्यावर त्याने दोन लाथा घातल्या, एक पोटात आणि एक त्याच बरगडीवर. आत काहीतरी कट्‌कन तुटलेलं मला ऐकू आलं. मग त्याने ह्यांना पलंगावरून खाली ओढलं. हे माझ्या शेजारी फरशीवर पडले, तोंडावर. मी सरपटत ह्यांच्या डोक्यावर आडवी झाले. त्यानंतरच्या लाथा माझ्या पाठीवर पडल्या. त्या मी मोजल्या नाहीत.

भाऊजी अजून दारातच उभे होते. आता ते पुढे आले, आणि लहान मुलाला झोपेतून उठवावं तसा त्यांनी बाळच्या खांद्यावर हात ठेवला. “पुरे हं बाळ,” ते म्हणाले. “चल, आपण काच बसवू.”

बाळने भाऊजींच्या पिशवीत हात घातला आणि हातोडा काढला. भाऊजी हसले. मी खालून बघत होते, ते खरोखरच हसले. त्यांना वाटलं, काच बसवायला काढला. पहिला घाव त्यांच्या जबड्यावर बसला. दात फरशीवर उडाले, दोन माझ्या हाताशी येऊन पडले. दुसरा घाव गुडघ्यावर. ते पडले तसं बगलेतली काच त्यांच्याखाली सापडून फुटली. तिसऱ्यांदा हातोडा वर गेला आणि तसाच थांबला. बाळने तो टेबलावर ठेवला, बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं, केसांवरून ओला हात फिरवला. मग खुर्चीवर बसून त्याने फोन लावला.

“आत्या, ये,” तो म्हणाला. “काकाला लागलंय.”

तो फोनवर होता तेवढ्यात मी ह्यांना तसंच ठेवून हातांवर फरफटत बाहेरचं दार गाठलं. ते उघडंच होतं. पायरीवर पालथी पडून मी टॅक्सीवाल्याला हाक मारली. ह्या वेळी त्याला आधी पोलिसांना फोन लावायला सांगितलं, आणि त्यांच्याशी बोलणं पुरं होईपर्यंत त्याला पायरी चढू दिली नाही.

वन्सं आणि पोलीस बरोबरच आले. वन्संच्या हातात नवी पेटी होती. पोलिसांत एक हवालदार बाई होत्या, जाड भिंगांचा चष्मा आणि घामाने भिजलेली कॉलर, आणि त्यांच्याबरोबर दोन शिपाई. शिपायांनी ह्यांना उचलून पलंगावर ठेवलं. रुग्णवाहिका निघाली होती. वन्संनी आत आल्या आल्या पुसायचं फडकं उचललं आणि हवालदार बाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

“मी सिस्टर आहे,” वन्सं म्हणाल्या. “शिडीवरून पडला माझा भाऊ. खिडकीची काच बसवत होता.”

त्या इथे नव्हत्या. त्यांना आत येऊन दोन मिनिटं झाली नव्हती. बाळने खुर्चीवरून मान डोलावली, की हो, काका शिडीवरून पडला, आई त्याला धरायला गेली आणि तीही पडली. नीट विंचरलेला भांग, शांत आवाज. हवालदार बाई भाऊजींपाशी वाकल्या. भाऊजींचा जबडा एका बाजूला लोंबत होता, तोंडात रक्ताचे बुडबुडे येत होते. बाईंनी विचारलं, कोणी मारलं? भाऊजींनी डोळे उघडले, बाळकडे बघितलं, आणि जीभ कशीबशी हलवली.

“शिडी,” ते म्हणाले.

आमच्या घरात शिडी नाही. खिडकी कमरेएवढ्या उंचीवर आहे. मला एकदम हसू आलं आणि त्या हसण्याने बरगडीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. ह्या माणसाचा मला त्या क्षणी राग आला नाही. कीव आली. तोंडात दात नव्हते आणि तरी हा माणूस दुरुस्तीच करत होता.

“माझा जबाब घ्या,” मी म्हटलं. “मी सगळं पाहिलंय.”

मी पलंगाला टेकून बसले होते. बाई समोर स्टुलावर बसल्या आणि लिहू लागल्या. मी हातोड्याचं सांगितलं, लाथांचं सांगितलं. मग थांबले नाही. त्या मंगळवारचं सांगितलं, पलंगाचा कोपरा, तीनदा, अकरा टाके, झोपेचं इंजेक्शन. बाईंनी मान वर केली. तेव्हा इस्पितळाच्या कागदावर काय लिहिलं, तुमच्यासमोरच लिहिलं असेल ना? मी म्हटलं, घसरून पडले असं लिहिलंय, मी खोटी मान हलवली. त्या म्हणाल्या, हे लिहिलं तर तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल. मी म्हटलं, लिहा. सुनेची बोटं लिहा. माझी हनुवटी लिहा. टाके कोणी घातले ते लिहा, दार कोणी बसवलं ते लिहा, आणि चादरी मी धुतल्या तेही लिहा.

वन्सं भिंतीशी उभ्या होत्या. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. “वहिनी, पोटचा आहे तो तुमच्या,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे मला,” मी म्हटलं.

शिपायाने बाळला दंडाला धरून उठवलं. पहिल्यांदाच त्याचा चेहरा बावरला. तो माझ्याकडे वळला नाही. तो आत्याकडे बघून म्हणाला, आत्या, ह्यांना सांग ना. वन्संनी तोंड उघडलं, पण हवालदार बाई त्यांच्याकडेच बघत होत्या, तेव्हा त्यांनी ते मिटलं. तो दारातून बाहेर जाईपर्यंत पुन्हा पुन्हा मागे वळून आत्याला हाका मारत होता. एवढा मोठा माणूस, आणि आवाज सहा वर्षांच्या मुलाचा. उठून त्याच्यामागे जावंसं वाटलं. ते मी लपवणार नाही.

बाईंनी जबाब वाचून दाखवला, खाली बोट ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही करायला हात पुढे नेला तेवढ्यात मनगट अडलं. ह्यांनी पलंगावरून डावा हात खाली सोडून माझं मनगट धरलं होतं. मी वर बघितलं. गालाला फरशीचा मार लागून काळंनिळं झालं होतं, तोंड वाकडं झालं होतं, आणि डोळे अगदी स्वच्छ होते. ह्यांना सगळं कळत होतं. कोण बाहेर गेलं, मी कशावर सही करते आहे, सगळं. ह्यांनी मान हलवली. नको.

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. मला त्या माणसाला खूप काही सांगायचं होतं. की तुमच्यासाठीच करते आहे. की तुम्ही दारात हात जोडले होते तेव्हा मी थांबले, आणि त्याची किंमत तुमच्या ह्या निम्म्या अंगाने दिली. दारात रुग्णवाहिका येऊन थांबल्याचा आवाज आला. बाई पेनकडे बघत होत्या.

ज्या हातात चमचा टिकत नव्हता त्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मी आधी करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट, मग बाकीची. प्रत्येक बोट सोडवलं की ते परत मिटायला बघायचं. अंगठा सगळ्यांत शेवटी सुटला. मी ह्यांचा हात उचलून ह्यांच्या छातीवर ठेवला, आपल्या डाव्या हाताने तो तिथे दाबून धरला, आणि उजव्या हाताने सही केली.